जसं आहे म्हणजे कसं आहे

अध्यक्षसाहेब, बार रूममधले माझे सगळे सहकारी, देऊळघाटहून आलेली मंडळी, आणि समोर बसलेल्या सुमनकाकू,

मला बोलायला सांगितलं आहे. खरं सांगते, अंगात त्राण नाही. इतके दिवस दवाखाना आणि कोर्ट, कोर्ट आणि दवाखाना, एवढंच चाललं होतं. मनोहररावांची, म्हणजे माझ्या सरांची, मी आयुष्यभर ज्युनिअर राहिले. माझ्या हाताखाली ज्युनिअर आले तरी मी त्यांची ज्युनिअरच. आज फोटोला हार घातला आणि वाटलं, गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसावं. पण एक गोष्ट न बोलता बसले तर घरी जाऊन झोप लागायची नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर काय चाललं आहे ते मी ऐकलं. तुम्हीही ऐकलं आहे. "वकीलसाहेबांले संभाजीनगरले नेलं असतं तं वाचले असते. बायकोनं घाई केली. दवाखान्यातून उचलून घरी आणलं." हेच ना? काकू, माफ करा, तुमच्या तोंडावर बोलते आहे. लोक पाठीमागे बोलतात, म्हणून मी समोर बोलते.

मंडळी, सरांना लॅटिन शब्दांचा भारी राग. इंग्रजीच्या आडून आपल्या अर्जांत येऊन बसलेले शब्द. एक्स पार्टे. प्रायमा फेसी. सायनी डाय. आपण दिवसभर ते फेकत असतो. अशिलापुढे जरा जास्तच फेकतो, खरं की नाही? अशील दबतो, मान डोलावतो, आणि आपण पुढच्या कामाला मोकळे. सर म्हणायचे, "पोरी, रोमचे लोकं गेले मरून. त्यांची भाषा आपण मोताळ्याच्या माणसाले ऐकवून राह्यलो. काऊन?" स्टँडवर उभे असले की बसच्या पाटीकडे बोट दाखवायचे. आपण तोंडानं 'व्हाया मोताळा' म्हणतो, ते 'व्हाया'सुद्धा लॅटिनच. पण पाटीवर लिहिलेलं असतं, 'मोताळा मार्गे'. "एस.टी.ले जमलं, कोर्टाले काऊन जमत नाही?"

हसा, हसा. सरांनाही हसलेलं आवडायचं.

पण हा राग हसण्यातून आलेला नव्हता. सरांची वकिली नवी होती तेव्हाची गोष्ट. देऊळघाटचे दोघे भाऊ, राहत्या घरावरून वाद. सरांनी थोरल्याच्या बाजूनं अर्ज केला आणि स्टेटस को मिळवला. मोठ्या खुशीत बाहेर आले आणि म्हणाले, "स्टेटस को झाला. आता घराले कोणी हात लावायचा नाही." झालं. तेवढंच बोलले आणि दुसऱ्या कोर्टात पळाले. अर्थ कोणाला सांगितला नाही. स्टेटस को म्हणजे जैसे थे, म्हणजे ताबा बदलायचा नाही, भिंत पाडायची नाही, विकायचं नाही, हे सांगायला वेळ कोणाला होता?

त्या घरात त्यांची आई राहायची. पावसाळ्यात वाऱ्यानं पत्रा उचकटला. दोन्ही भाऊ खाली उभे राहून वर बघत राहिले. शिडी लावायला कोणी तयार नाही. हात लावला तर कोर्टाचा अपमान, सरळ जेल! म्हातारीनं पातेली मांडली, घमेली मांडली, आणि सगळा पावसाळा एका कोपऱ्यात अंग चोरून काढला. पुढे साक्षीला आली तेव्हा तिला खोकल्यानं बोलता येईना. सरांनी विचारलं, काय झालं आजी? ती म्हणाली, "तुम्हीच तं म्हटलं ना साहेब, घराले हात लावायचा नाही."

त्या हिवाळ्यात ती गेली. त्या पत्र्यामुळे गेली, असं कोणीच म्हणालं नाही. फक्त सर म्हणत राहिले. ते दोघे भाऊ आज इथं शेजारी शेजारी बसले आहेत. त्यांनीही सरांना कधी बोल लावला नाही.

तेव्हापासून सरांची रीत तुम्हाला माहीत आहे. त्या रीतीनं तुम्ही सगळे कधी ना कधी वैतागला आहात. मीही वैतागले आहे. अर्जातला शब्द मराठीत सांगायचा, आणि मग अशिलानं तो आपल्या बोलीत परत सांगायचा. "समजलं साहेब" म्हटलेलं चालायचं नाही. "हो हो नको करू. तू सांग मले." सांगता आलं तर सही, नाहीतर परत पहिल्यापासून. आपलं जेवण आटोपायचं तरी सर त्याच अशिलाजवळ. किती अशील त्यांना सोडून आपल्याकडे आले! आपण घेतलेही.

आता दवाखान्याचं सांगते.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर रोज सकाळी येऊन सांगायचे, "कंडिशन स्टेटस को आहे." आपण सगळे वकील बाहेर उभे. आपल्या रोजच्या वापरातला शब्द! आपण लगेच फोन लावायचो, स्थिर आहेत, काळजी नाही. त्या शब्दानं आपल्याला बरं वाटायचं. काकूंना वाटत नव्हतं. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना थांबवलं. मी बाजूलाच होते. म्हणाल्या, "डॉक्टर, तो शब्द मले ठाऊक आहे. जसं आहे तसंच. पण जसं आहे म्हंजे कसं आहे, ते सांगा."

डॉक्टर चपापले. मग स्टूल ओढून बसले आणि साध्या मराठीत सांगितलं. मोठ्या दवाखान्यात नेऊ शकता. मशीन लावतील. काही दिवस निघतील. पण शुद्ध येणार नाही.

काकूंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. सर अशिलाकडून वदवून घ्यायचे ना, तसं त्यांनी स्वतःच परत सांगितलं, "म्हंजे श्वास चालीन, पण मानूस येनार नाही. असंच ना?"

"असंच, काकू."

"मंग मी घरी नेतो त्याह्यले."

घाई म्हणता तुम्ही याला? ती बाई सोडून आपल्यापैकी एकानं तरी तो प्रश्न विचारला होता का? घरी आणलं. काकू ओल्या कापसानं ओठ भिजवत बसल्या होत्या, पाय चोळत होत्या, तुरीच्या भावापासून नातवाच्या शाळेपर्यंत सगळं त्यांना सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सर गेले. आपल्या खोलीत, आपल्या माणसाच्या हातात हात असताना गेले. संभाजीनगरला नेलं असतं तर काचेतून बघितलं असतं आपण.

मला राग येतो आहे आणि रागवायचीही ताकद राहिलेली नाही. सर, तुमच्याशिवाय उद्या कोर्टात जायचं माझ्या जिवावर आलं आहे. एवढंच.

आता दोन मिनिटं शांत राहू या. सगळ्यांनी उभं राहावं. टपरीवर जे बोलले त्यांनी आधी उभं राहावं.

काकू, तुम्ही नका उठू. तुम्ही बसा. आम्ही तुमच्यासमोरही उभे आहोत.