कपाटाचं दार

दिग्रसच्या बसस्टँडवर माह्या मांगच्या बाकड्यावर एक म्हातारा सुतार बसला होता. संगं त्याची पोरगी होती.

"बा, तांड्यात पंच बसले तवा मी सोडचिठ्ठी मांगितली. म्हनलं, कपाटाचं दार पाहा. नवऱ्यानं माहं डोस्कं आपटलं तिथं खड्डा हाय."

"जाऊ दे न आता, बबिता."

"तांड्याच्या नायकानं हात फिरवला, तं दार सपाट. मलेच खोटी ठरवली. लाकडातला खड्डा आपोआप भरते काय?"

"नाई. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा लागते. वाफ आत गेली का दबलेलं लाकूड फुगून वर येते."

"माह्या नवऱ्याले तं चाय बी बनवता येत नाई."

म्हातारा बस आली काय ते पाहू लागला.

"बोल न, बा."

"पंच बसाच्या आदल्या दिवशी जवाई मले घ्यायले आला होता. गाडीवर."

"तुले ठाव होतं, खड्डा कशाचा हाय ते?"

"तुह्या दोन बहिनीचं लगन बाकी हाय, पोरी. तुहं मोडलं असतं तं त्यायले पाहायले कोन आलं असतं?"

"मी इचारलं, ठाव होतं काय."

"फडकं ठेवाच्या आंधी त्या खड्ड्यातून तुहे केस काढले मी."

तेवढ्यात बस लागली.

"चाल बबिता. जवाई वाट पाहून राह्यला असन."

"चढतो मी, बा. तू इस्त्री घेतली काय संगं? पुन्हा लागन तुले."

पोरगी चढली. म्हातारा खालीच उभा होता.