सासऱ्यांचा वन्स मोअर

सासऱ्यांना नाटकाला न्यायचंय म्हणतोस? मग आधी माझं ऐक.

ब्रॉडवेची एक म्युझिकल सिंगापूरला आली होती. जुनी गाजलेली इंग्रजी गाणी आणि त्यांवर नुसता नाच. तिकिटं दिली माझ्या बॉसनं, मिसेस लिमनं, आणि बाई स्वतःही आमच्या शेजारीच बसली. ऑफिसात कुणी जोरात शिंकलं तरी वळून बघणारी बाई ही! त्यात सोमवारी माझं अप्रेझल.

सासरे सांगलीचे. सगळा जन्म संगीत नाटकं पाहण्यात गेलेला. पहिल्याच गाण्याला त्यांनी मांडीवर ताल धरला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिसऱ्या गाण्यात एका पोरीनं अशी काही गिरकी घेतली, की गाणं संपताच हे खुर्चीतून अर्धे उठले आणि खणखणीत ओरडले, "वन्स मोअर!"

अख्खं थिएटर वळलं. मध्यंतरापर्यंत मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला.

दिवे लागले. मिसेस लिम थेट सासऱ्यांकडे वळली. "अंकल, सेकंड हाफ ऑल्सो मस्ट शाउट, ओके? टुडे ऑडियन्स सो क्वाएट लाह!"

माझा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांना तिचं ते 'लाह' लावलेलं सिंगापुरी इंग्रजी झेपलं नाही, म्हणून मी मराठीत सांगितलं. ते एकदम गंभीर झाले.

"जावईबापू, बाईंना सांगा, वन्स मोअर असा मागून मिळत नसतो. गाणं तसं रंगावं लागतं."

मिसेस लिम माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "ही सेज, विथ प्लेझर."