तिसऱ्यांदा दाबायला हवं

— नाही हो अण्णा, रिक्षा टिन फॅक्टरीवरूनच घ्या, के. आर. पुरमला आत्ता दुसरा रस्ता कुठला? तुम्हाला फोनवर मराठी बोलताना ऐकलं म्हणून बोलतोय. भीती वाटतेय हो, सरळ सांगतो. बाबा घरी एकटे आहेत. नागपूरहून मीच आणलं त्यांना, इथे परक्या शहरात. डोळ्यांनी स्क्रीन दिसत नाही, म्हणून मीच ॲप केलं — हेडफोनच्या वायरवर ते गाणं थांबवायचं बटण असतं ना, ते तीनदा दाबलं की मला फोन लागतो. एक, दोन, तीन. सोपं आहे की नाही? सोपंच आहे. पण बाबा भजनं ऐकता ऐकता झोपायचे, बटण कुशीखाली यायचं, आणि मी मीटिंग सोडून धावत घरी — तर हे आपले घोरतायत! दोनदा झालं असं. सगळी टीम हसली. मग मी नियम घातला — भराभर, तीनपेक्षा जास्त वेळा दाबलं गेलं तर ते चुकून, फोन लावायचा नाही. टेस्टिंग? केलं ना. एसीत बसून, कॉफी पीत, निवांत दाबून बघितलं. घाबरलेला माणूस मोजून दाबतो का हो? नाही दाबत. आज अकरा वीसला बाबांनी अकरा वेळा दाबलंय. ॲपनं पुढे लिहिलंय — ‘चुकून’. शब्द माझाच. मी जेवताना बघितलं — नाही, खोटं कशाला बोलू, तेव्हाच बघितलं होतं. समोर आलं होतं स्क्रीनवर. म्हटलं, झोपले असतील, आणि मीटिंगमध्ये बोलत राहिलो. आता दीड वाजलाय, बाबांचा फोन नुसता वाजतोय, उचलत नाहीत. शेजारच्या अक्कांचा नंबर? दोन वर्षं झाली, घेतलाच नाही.

हॉर्न नका वाजवू. नका म्हणतो ना! हे बघा, ॲपवर दिसतंय — दाबलं. आत्ता दाबलं. जिवंत आहेत हो! एक. सावकाश, बाबा, सावकाश… दोन. अजून एकदा. दोन सेकंदांच्या आत यायला हवं, नाहीतर ॲप मोजत नाही — तोही नियम माझाच —

अण्णा, थांबवा. तिसरं आलंच नाही, आणि ही गर्दी हलत नाही — इथेच थांबवा, मी पळत जातो.