पंधरा एप्रिलला लग्न

—नाही हो, पंधरा एप्रिलला कुणी लग्न करतं का? तुम्हीच सांगा. टायटॅनिक बुडालं आज! धडकलं आदल्या रात्री, बुडालं पंधराला पहाटे — लोक हमखास इथं घोळ घालतात. वर्तमानपत्रात 'आजचा दिवस' म्हणून सदर येतं ना, खाली कोपऱ्यात, अमक्या साली युद्ध पेटलं, तमक्या साली भूकंप झाला? ते मी लिहितो. वाचता? नाही? बरं, राहू दे. तर आज मी इथं साक्षीदार. मुलीच्या मैत्रिणीचं रजिस्टर लग्न. मुलगी म्हणाली, बाबा, एक सही कमी पडतेय, चला, आणि तो निळा शर्ट घाला. म्हटलं, मैत्रीण कोण? तर म्हणे तुम्ही ओळखत नाही, लाजाळू आहे फार. लाजाळू आहे ते ठीक, पण तिला आईबाप नाहीत का तारीख बघायला? तुम्हीही साक्षीदारच? मुलाकडचे? काका? वा! मग तुम्ही तरी अडवायचं होतं.

छे छे, मुहूर्त-बिहूर्त मी मानत नाही. थोतांड सगळं. मी पुराव्यानं बोलणारा माणूस. आता माझ्याच मुलीचं घ्या — लग्न ठरून वर्ष होत आलं. मुलगा चष्मे बनवतो, हा माझ्या नाकावरचा त्यानंच केलाय, सोन्यासारखा मुलगा, माझी काही म्हणजे काही तक्रार नाही. तारीख तेवढी ठरवायची. सव्वीस एप्रिल म्हणाले — चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्या दिवशी! सहा मे म्हणाले — ते हिंडेनबर्ग पेटलं, गॅसच्या फुग्यावर उडणारं विमान असायचं ते. अठ्ठावीस जून — राजपुत्राला गोळी घातली आणि पहिलं महायुद्ध जगाच्या गळ्यात पडलं, आणि बायको शेजारीच बसलेली हो त्याच्या, दोघंही गेली — हा काय जोडप्यानं निघायचा दिवस आहे? दोन सप्टेंबरला तर अख्खं लंडन पेटलेलं. मुलगी म्हणते, बाबा, मला लग्नाची तारीख हवीय, शोकसभेची नाही. मग तारखेचं नावच काढेना. म्हटलं, चला, पटलं एकदाचं.

हसताय काय? नाही, मघापासून बघतोय मी. हिची आईपण अशीच हसायची. रोज सकाळी तिला सदर वाचून दाखवायचो. एक दिवस असा आला — शोध शोध शोधलं, वाईट असं काही हातालाच लागेना. जागा भरायला कुठल्याशा पुलाचं उद्घाटन घातलं. म्हटलं, बघ, आज जगात कुणाचं काही बिघडलेलं नाही. ती म्हणाली, मग आज तरी नीट जेवा. दुपारी गेली. बसल्या जागी. तेव्हापासून स्वच्छ तारखेवरही माझा भरवसा नाही. मग उरलं काय? काहीच नाही उरलं, कळतंय मला, एवढा काही मी खुळा नाही. पण पोरगी एकुलती एक आहे हो. भीती वाटते.

जाऊ दे. तो गुच्छ ठेवा की खाली, हात अवघडेल. नवरीसाठी? पिवळी फुलं आमच्या मुलीलाही फार आवडतात. आणि तिचं बघा, मैत्रिणीच्या लग्नाला स्वतःच्या आईची कानातली घालून आलीय! म्हटलं, एवढा थाट कशाला? तर डोळे पुसत आत पळाली. कमाल आहे पोरींची — थांबा, तो दारात कोण? अरे, हा आमचा चष्मेवाला! हा इथं कसा? नवाकोरा कोट घालून? आणि तुम्ही त्याला हात का करताय?

कुणाचे काका म्हणालात तुम्ही?

अस्सं. म्हणजे सगळ्यांना माहीत. आणि मी इथं बसून तुम्हाला टायटॅनिक — नाही, नको, पाणी नको. रडत नाहीये मी, चष्माच सैल केलाय त्यानं. पंधरा एप्रिल... अहो, पंधरा एप्रिलला लिओनार्दो दा विंची जन्मला, ठाऊक आहे? दरवर्षी लिहितो मी. पण जन्म सगळ्यात खाली असतात, आणि जागा कमी पडली की संपादक खालूनच कापतो — आलो गं, आलो! पेन आहे माझ्याकडे! उठा, उठा, काका, तुमच्या सहीसाठीपण खोळंबलेत सगळे. आणि हे बघा, जहाजाचं मी काही बोललेलो नाही. कळलं? चला.