अर्धीच ऐकलेली कादंबरी

कामशेत स्टेशनात तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे गावचे मास्तर आणि शेतकरीण सरुबाई बोलत होते.

"देवळात मी कादंबरी वाचून दाखवत होतो, सरुबाई. तुम्ही मधेच उठलात. आवडली नाही?"

"लय आवडली, म्हनून तर उठले."

"अहो, शेवटी त्यातल्या दयाळू बाईमुळे सारं गाव सुधारतं! ते वाचताना मी तीनदा रडलोय."

"आमच्या इहिरीवर म्हारवाड्यातल्या बाया ताटकळल्या व्हत्या, कुनी वरून पानी वततंय का म्हनून. मी जाऊन पोहरा त्येंच्याच हातात दिला."

"अरे देवा! गाव वाळीत टाकेल तुम्हाला."

"टाकू द्या. पोहरा परत घेनार न्हाई. मास्तर, तुमी तीनदा रडला. आता येकदा तितलं पानी प्यायला या."