सुजाताताई, त्यांची दुर्बीण आणि औंढ्याचं खळं

मंडळी, सगळ्यांना जयभीम, नमस्कार. ताईंच्या शोकसभेला कंपनीतली माणसं आलीत, कुसगावची आलीत, आमच्या औंढ्याची चार टाळकी मागं दाराशी बसलीत. ताईंची लेक मेघना म्हणाली, "बबनकाका, तुम्ही बोला." मी म्हणलं, मला भाताचं विचार, भाषणाचं न्हाई. पण ती ऐकंना. अडखळलो तर सांभाळून घ्या.

सुजाताताई वराळ्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होत्या. मशीनवरनं आलेला माल मोजायचा. बरोबर असंल तर पास, न्हाई तर परत. रिटायर झाल्या आन् दुर्बीण घेतली. हितं कुसगावात हॉटेलांच्या उजेडात आभाळ दिसंना, म्हणून अंधार शोधत औंढ्याला आल्या. माझं खळं मागितलं. मी म्हणलं, घ्या की, भात झोडून झालं की तितं कोंबड्याच फिरत्यात. अशी वळख झाली.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. देवयानी म्हणून लय लांबची ताऱ्यांची वस्ती हाय, तिचा एक फोटो. आन् त्यात तारे गोल यायला पायजेत. लांबट चालणार न्हाईत. ताईंचा जुना आजार परत उलटला होता, ते मला म्हाईत होतं. त्यांनीच सांगितलं, "बबनभाऊ, पुढचा हिवाळा मी धरत नाही." रडणं न्हाई, भेकणं न्हाई. उद्या नळाला पाणी येणार न्हाई म्हणावं, तसं.

आन् नेमके त्याच हिवाळ्यात तारे लांबट यायला लागले.

आता हे समजून घ्या, अवघड न्हाई. पृथ्वी फिरती, म्हणून दुर्बिणीलाबी ताऱ्यामागं फिरावं लागतं. फिरवणारं मशीन खाली असतं, त्याला माउंट म्हणत्यात. शिवाय एक छोटा कॅमेरा एकाच ताऱ्यावर डोळा ठेवतो आन् मोटारीला सांगत राहतो, जरा हिकडं, जरा तिकडं. आता जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग उलटं फिरवलं की आधी थोडं पोकळ फिरतं, मग चाक वळतं. व्हय ना? ती पोकळी म्हंजे बॅकलॅश. ताईंच्या माउंटमधी पातळ पोलादी वाटी दात्यांवर दाबून बसवलेली. त्यात पोकळी नसतीच, असं विकणारा म्हणला होता.

ताई म्हणल्या, "विकणारा म्हणाला म्हणून पास करायचं?"

डायल गेज आणलं, म्हंजे केसाएवढं हललं तरी काट्यावर दाखवणारं घड्याळ. त्याचं टोक दुर्बिणीला टेकवलं. "बबनभाऊ, हलकं ढकला. आता तिकडून. अहो हलकं! बैल नाही तो." मी ढकलायचो, त्या वाचायच्या. काटा हलला. परत केलं, परत हलला. ताईंचं तोंड उतरलं. मशीनमधी ढिलाई हाय, असं ठरलं. त्यांनी तो आकडा कॉम्प्युटरला दिला, म्हंजे उलटं फिरताना मोटार तेवढं जास्त फिरंल. तर तारा आणखीच नाचायला लागला. मेघना म्हणाली, "आई, परत पाठव ना." परत पाठवलं तर येणार कवा? हिवाळा सरल्यावर.  

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत ढकलाढकली चालली होती. ताईंना उभं राहवंना. त्या खळ्यावरच बसल्या, आधाराला दुर्बिणीच्या तिवईचा पाय धरला. मी ढकललं. त्या एकदम म्हणल्या, "थांबा. परत ढकला." ढकललं. त्यांच्या हातातला पाय हलत होता. आन् हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की खोकला आला.

तिवईच्या पायाखाली रबर होतं, मंडळी! आपल्याकडं पावसात फरशी पाझरती. कपाट, फ्रीज, पेटी, रबराचा तुकडा घातल्याबिगर कोण ठेवतंय? तुमी ठेवता? ताईंच्या घरात तर सगळ्याखाली रबर. त्याच सवयीनं खळ्यावरबी घातलेलं. भर थंडीत, कोरड्या ठाक खळ्यावर! मी ढकललं की रबर दबायचं, माउंट डुलायचं, आन् काटा ते दाखवायचा. ताई म्हणल्या, "जन्मभर दुसऱ्यांचा माल परत पाठवला. आज माझाच परत. मशीन नाही हो, मी ढिली निघाले."

रबर काढलं. कॉम्प्युटरला दिलेला आकडा पुसून शून्य केला. नसलेल्या दुखण्यावर औषध चाललं होतं, ते बंद झालं. त्या मशीनला स्वतःचं एक डुलणं असतं म्हणं, म्हणून मोटारीला सूचनाबी जरा लवकर लवकर द्यायला लावल्या. बास. तारा किती हलतो ते दाखवणारी पडद्यावरची रेघ, जी डोंगरावानी वरखाली जायची, ती सपाट पडली.

मग जमतील तेवढ्या संध्याकाळी फोटो घेतले. फार न्हाई झाले. ताईंना घरातनं निघवंना झालं. मेघनानं होते तेवढे जोडले आन् लॅपटॉप त्यांच्या पलंगावर ठेवला. मी तितंच होतो. देवयानी दिसत होती, जरा खरखरीत, पण दिसत होती. ताईंनी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा न्हाई. त्या फोटोचा एकेक कोपरा मोठा करून तारे तपासत बसल्या. चारी कोपरे. लय वेळ लागला. मग चष्मा काढला आन् म्हणल्या, "पास."

मला त्या दिवशी लय बरं वाटलं. आज न्हाई वाटत. खळ्यावर अंधार तेवढाच हाय, आभाळ तेवढंच हाय, पण "हलकं ढकला" म्हणून वरडणारं कोण न्हाई. मला करमत न्हाई, खरं सांगतो.

आता एक मागणं. फोटो चालू असला की ताई कुणाला चालू द्यायच्या न्हाईत. पावलाचा हादरा बसतो म्हणायच्या. मी, मेघना, आमच्या घरातली, सगळी जिथल्या तितं थांबायची. तसंच आज दोन मिनिटं थांबूया. कुणी उठू नका, कुणी खुर्ची सरकवू नका. त्यांचं काम चाललंय असं समजा.

ताई, जयभीम.