बादलीवरचा बर्फ

आई : हे वागणं झालं का, जावईबापू? तुम्हीच सांगा. दोन महिन्यांनी लेक येते, आईजवळ घटकाभर बसणं नाही, बोलणं नाही. सकाळपासून माकडासारखी छपरावर. आणि पायात ह्यांचे बूट. माणूस गेलं म्हणून त्याचे बूट वाऱ्यावर पडले का?

जावई : तिचे बूट पत्र्यावर घसरत होते, आई. मी धरलीये शिडी.

आई : शिडी धरून काय होतंय, बायकोला धरायचं तेव्हा धरलं नाहीत. खाली उतरली की एकच घोकणं. इथं थंडी किती पडते? परवा फोनवर तेच, काल जेवताना तेच.

लेक : (छपरावरून) मला सगळं ऐकू येतंय.

आई : ऐकू यावं म्हणूनच बोलतेय.

लेक : मग एकदाच सांग. पाणी गोठेल इतकी थंडी पडते का इथं?

आई : नाही. खांद्यावर शाल घेतली की भागतं.

लेक : कधीच नाही पडली?

आई : लग्न झाल्यापासून या घरात हिवाळे काढतेय मी. गारठा तुमच्या शहरात. माझं घर उबदार आहे.

लेक : बरं. मग तीन-तीन सोलर पॅनेलच्या दोन रांगा करते. ऐक रे, ती काळी तार दे वर.

आई : हे सगळं उन्हावर चालतं म्हणता, मग थंडीची एवढी चौकशी कशाला?

जावई : सांगतो. पॅनेल एकामागोमाग जोडली की प्रत्येकाचा विजेचा दाब पुढच्यात मिळत जातो. तीन जोडली की झाले एकशे चाळीस व्होल्ट. आत भिंतीवर तो इन्व्हर्टर बसवलाय ना, तो दीडशेपर्यंत सोसतो.

आई : म्हणजे तीन जावा एका चुलीवर. पण धुसफूस आवाक्यातली.

जावई : तसंच. फक्त गारठ्यात पॅनेलचा दाब चढतो. पाणी गोठलेल्या सकाळी पहिलं ऊन पडलं, की दीडशेच्या वर.

आई : उफराटंच आहे. माणूस थंडीत आखडतो, आणि ह्यांना जोर चढतो. वर गेलं तर काय होतं?

जावई : इन्व्हर्टर जळतो. दिवा गेला, पाण्याचा पंप गेला, फोनही बंद.

आई : आणि फोन बंद म्हटल्यावर तुम्ही दोघं गाडी घेऊन दारात. चला आई, भरा पिशवी.

जावई : तसं कोण म्हणतंय?

आई : हे गेल्यावर हीच म्हणाली होती. थांब गं. ती तार लावू नकोस.

लेक : का?

आई : लावू नकोस म्हटलं ना. पडते.

लेक : काय पडते?

आई : थंडी. आणखी काय? पाणी गोठतं. पडवीतली बादली वरून दगड होते. आता झालं समाधान?

लेक : दरवर्षी?

आई : दरवर्षी नाही. पण एक हिवाळा असा आला होता, तू दातही न आलेली. तेव्हा या खिडकीला काच नव्हती, रात्री फळी लावायची. मी काचेसाठी ह्यांच्या मागे भुणभुण लावली होती. एका पहाटे हे उठले, हातोडीनं बादलीवरचा बर्फ फोडला, आणि हा एवढा पातळ तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, घे, आली तुझी काच. मिशीवर दव गोठलेलं, आणि हसतायत. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तू तो तुकडा धरून तोंडात घातलास.

लेक : काहीतरी गार चोखल्याचं मला आठवतं.

आई : कसलं आठवतंय. इतक्यांदा सांगायचे हे, ते ऐकलेलं आठवत असेल.

लेक : असेल. मग आधीच का नाही सांगितलंस?

आई : सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, म्हातारी एकटी, त्यात बर्फ, चल खाली शहरात.

लेक : न्यायचं असतं तर सहा पॅनेल हा चढ चढवून आणली असती का? ह्याच्या कंबरेला विचार.

जावई : कंबरेचा विषय नको.

लेक : पिशवीत बघ, आई. तीन रांगांची तार आहे, तीन रांगांचे फ्यूज आहेत. दोन-दोनचीच जोडणी करणार होते मी.

आई : मग मघाशी तीन-तीन म्हणालीस ते?

लेक : तो बर्फ खरा की बाबांची थाप, ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. बाबांना विचारायचं राहून गेलं.

आई : बघा, जावईबापू. आईशी डाव खेळते, वर बापाचे बूट घालून. उतर खाली, तोंडावर सांगते.

लेक : आले. बोल.

आई : वागणं चुकलंच तुझं. त्याची भरपाई म्हणून थंडीत इथं येऊन राहायचं. हातोडी दारामागं आहे, ह्यांनी ठेवली तिथंच. बादलीवरचा बर्फ फोडायला मला आता दुसरं कुणी नाही. आणि बूट राहू देत पायात. मापाचे दिसतायत.